आडव्या कोकणातला उभा रस्ता

१९२७ च्या डिसेंबरात महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून निघाले ते बोटीने. तेव्हा मुंबईहून महाडला जायचे दोन मार्ग होते. धरमतरपर्यंत बोट आणि पुढे मोटार, हा एक. दुसरा दासगावचा: बोट बाणकोटच्या खाडीत शिरायची, सावित्रीतून वर चढत दासगाव बंदराला लागायची आणि तिथून महाड पाच मैलांवर राहायचं. परिषदेच्या मंडळींनी दासगावचा मार्ग निवडला. मोटारवाल्यांनी बहिष्कार घातलाच, तर पाच मैल चालून जाता येईल, असा त्यामागचा विचार होता. २५ डिसेंबरला दासगावच्या बंदरावर हजारो सत्याग्रही जमले आणि तिथून मिरवणुकीने महाडला गेले. त्याच संध्याकाळी मनुस्मृतीचं दहन झालं.

आज दासगाव मुंबई-गोवा महामार्गावरचं एक गाव आहे. लोणेरे मागे पडलं की ते येतं आणि काही क्षणांत मागे जातं. इथे बंदर होतं आणि मुंबईची बोट इथवर यायची, हे गाडीतल्या माणसाला सांगावं लागतं. या महामार्गाचा इतिहास लिहायचा तर तो डांबराच्या आधी, अशाच विसरलेल्या बंदरांपासून लिहायला हवा. कारण रस्ता ज्या रेषेत गेला, ती रेषा त्याआधी खाड्यांनी आणि होड्यांनी ठरवून ठेवली होती.

कोकणातली जुनी वाट आडवी. घाटमाथ्यावरून उतरायचं आणि बंदर गाठायचं, एवढंच तिचं काम. कराडचा माल कुंभार्ली घाटाने चिपळूणला आणि तिथून गोवळकोटच्या धक्क्यावर. कोल्हापूरचा आंबा घाटाने रत्नागिरीकडे. फोंडा घाटाने खारेपाटण, देवगड. बेळगावहून आधी राम घाटाने आणि मग आंबोलीने वेंगुर्लं. गूळ, तंबाखू, कापूस खाली उतरायचा. मीठ, नारळ, सुकी मासळी वर चढायची. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात कोकणात रस्ते बांधले तेही मुख्यतः याच दिशेचे, कारण त्यांनाही छावण्या आणि बाजारपेठा बंदरांना जोडायच्या होत्या. वेंगुर्ल्याला उतरलेली पलटण बेळगावला याच वाटेने चढायची. पुढे १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदराला रेल्वे जोडली गेली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. आडव्या वाटांचं नशीब असं बंदराच्या नशिबाला बांधलेलं होतं.

संकटंही आडव्या वाटेनेच आली. १६८९ मध्ये मुकर्रबखान संभाजीराजांना पकडायला संगमेश्वरावर आला तो कोल्हापूरच्या बाजूने, सह्याद्री उतरून. उत्तर-दक्षिण जाणारा राजमार्ग कोकणात नव्हताच. गावाहून गावाला जाणाऱ्या पायवाटा, बैलवाटा होत्या. पण महाडहून निघून बांद्यापर्यंत अखंड जमिनीवरून जाण्याचं फारसं कुणाला कारण नव्हतं.

उभा प्रवास करायचा तो समुद्रातून. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लं अशी बंदरं घेत आगबोट पणजीपर्यंत जायची. अनेक ठिकाणी ती धक्क्याला लागू शकत नसे. खोल पाण्यात नांगर टाकायचा, मग किनाऱ्यावरून पडाव यायचे आणि बायका-मुलं, वळकट्या, आंब्याच्या पेट्या एकातून दुसऱ्यात हेलकावत जायच्या. पावसाळ्यात हे सगळं बंद. मेअखेरीपासून नारळी पौर्णिमा उलटेपर्यंत दक्षिण कोकण मुंबईपासून जवळजवळ तुटलेलं असायचं. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट ऐन पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. जवळच्या बंदरांची वाहतूकही तेव्हा केवढ्या जोखमीवर चालत होती, ते या एका घटनेत दिसतं. कोकणी माणसाला रस्ता हवा होता तो आधी पावसाळ्यासाठी.

आणि हा उभा रस्ता काढणं फार कठीण होतं. नकाशा समोर ठेवला की अडचण लगेच कळते. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या थेट पश्चिमेला धावतात. मुखाशी त्यांच्या खाड्या इतक्या रुंद आणि खोल की त्या काळात तिथे पूल बांधणं आवाक्याबाहेरचं. भरतीचं पाणी तीस-चाळीस किलोमीटर आत येतं. किनाऱ्याने रस्ता नेला तर दर काही मैलांवर खाडी आडवी येणार. सह्याद्रीच्या पायथ्याने नेला तर डोंगराच्या सोंडा आणि खोल दऱ्या. तेव्हा मधली एकच रेषा उरते: जिथे भरती संपते आणि खाडीची नदी होते, तिथे नदी ओलांडायची. तिथे पात्र अरुंद असतं, तळाला कातळ लागतो, पुलाचे खांब उभे राहू शकतात.

पण भरती जिथे संपते, तिथेच होड्याही थांबतात. तिथेच आडव्या वाटेने उतरलेले बैल मालासह थांबायचे. पेण, नागोठणे, महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण ही सगळी गावं खाडीच्या वरच्या टोकाची बंदरं आहेत. जमीन आणि पाणी जिथे हातमिळवणी करत, तिथे पेठा वसल्या. इंग्रजांची वखार सतराव्या शतकात राजापूरला होती ती याच कारणाने. नागोठण्याला अंबा नदीवर निजामशाहीतला दगडी पूल आहे; म्हणजे नदी कुठे ओलांडावी याचं उत्तर सोळाव्या शतकातल्या लोकांनाही तेच सापडलं होतं. महामार्ग पेठांना जोडायला म्हणून आखला असं आपण सहज म्हणतो, पण मला वाटतं की पाण्याने पेठाही तिथेच वसवल्या आणि पूलही तिथेच बांधायला लावले. रस्ता आणि गावं यांचं नातं त्यामुळे इतकं घट्ट झालं.

दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची धार. म्हणून या रस्त्याची चाल ठरून गेली: नदी, चढ, घाट, उतार, पुन्हा नदी. सावित्री ओलांडली की पोलादपूर आणि मग कशेडी. कशेडी उतरलं की खेडजवळ जगबुडी. पुढे भोस्ते घाट, मग परशुराम घाट, आणि तो उतरला की वाशिष्ठी. नंतर शास्त्री, बावनदी, निवळी. कशेडीत चालक जी वळणं शिव्या देत घेत आला, ती आखणाऱ्याच्या हलगर्जीपणाची नव्हती. बैलगाडी आणि जुनी मोटार चढू शकेल एवढाच चढ ठेवायचा, डोंगर शक्य तितका कमी कापायचा आणि पाणी रस्त्यावर न थांबता बाजूला जाईल असं पाहायचं, या तीन अटी पाळल्या की रस्ता तसाच वळणार. जुन्या आखणीकडे मी आदराने पाहतो ते एवढ्यासाठी.

हा रस्ता एका झटक्यात, एका योजनेत झाला नाही. धरमतर-महाडसारखे तुकडे आधी मोटारीचे झाले. मग एकेक नदी दगडी कमानींनी बांधली गेली. महाडचा सावित्रीवरचा पूल १९२८ चा, म्हणजे त्या परिषदेनंतर लगेचचा. दगड घडवून, चुन्यात बसवून केलेले हे पूल जसजसे झाले, तसतसे तुकडे सांधले गेले आणि ‘मुंबई-कोकण-गोवा रस्ता’ हे नाव खरं ठरू लागलं. १९४८ मध्ये एसटी सुरू झाली आणि पुढच्या काळात तिची लाल गाडी या रस्त्याला लागली. तेव्हाही मुंबईकराला ठाण्यावरून वळसा घालून पनवेल गाठावं लागे. वाशीचा खाडीपूल १९७० च्या दशकात आला, तेव्हा कुठे तो वळसा संपला.

दक्षिणेचं टोक तर सीमेवरच अडकलं होतं. बांद्याच्या पुढे पत्रादेवी, आणि तिथे पोर्तुगिजांचं राज्य. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रही पत्रादेवीला सीमा ओलांडून गेले तेव्हा पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. पंजाबहून आलेले कर्नेलसिंग बेनिपाल तिथे हुतात्मा झाले. कोकणातला रस्ता ज्या गावी संपत होता, तिथे देशाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस येऊन मरण पत्करतो, हे वाचताना मन आजही भरून येतं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि रस्त्याला पुढची दिशा मिळाली. १९७० मध्ये मांडवीवर पूल झाला. पनवेलपासून केरळातल्या एडापल्लीपर्यंतच्या किनारी रस्त्याला राष्ट्रीय महामार्ग १७ हा क्रमांक मिळाला. २०१० च्या फेररचनेत तो ६६ झाला आणि त्याचं टोक कन्याकुमारीपर्यंत गेलं. कागदावर क्रमांक बदलला तरी कोकणात तो ‘हायवे’च राहिला.

हायवेने कोकण फिरवून ठेवलं. आधी समुद्राकडे तोंड करून बसलेली गावं आता त्याच्याकडे वळली. रत्नागिरी हे जिल्ह्याचं ठिकाण, मोठं बंदर. पण हायवेवरून ते हातखंब्याच्या तिठ्यावर वळून जायचं गाव झालं. मालवणला कसालहून वळायचं, देवगडला नांदगावहून, विजयदुर्गाला तळेऱ्याहून, दापोलीला खेडहून. जी बंदरं प्रवासाची मुख्य ठिकाणं होती ती फाट्यांची टोकं बनली, आणि जिथे काही नव्हतं तिथे टपऱ्या, मग हॉटेलं, मग बाजार उभे राहिले. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्याच्या मुख्यालयासाठी मालवण, वेंगुर्लं, सावंतवाडी अशी नावाजलेली गावं असताना जागा निवडली गेली ती हायवेवरच्या ओरोसची. पूर्वीच्या काळी जिल्ह्याचं ठिकाण बंदर पाहून ठरलं असतं.

‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटी काही काळ चालल्या आणि त्याही बंद झाल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. तिनेही किनारा सोडून साधारण हायवेच्याच अंगाने वाट काढली, बोगदे आणि उंच पूल यांच्या बळावर. चाकरमान्याला गणपतीला जायला दुसरा आधार मिळाला, पण मालाचे ट्रक, कंटेनर, गोव्याच्या खासगी बसगाड्या यांचा भार हायवेवर वाढतच गेला. रस्ता मात्र जवळपास तोच: दोन पदरी, वळणांचा, इंग्रजी काळातल्या पुलांवरून जाणारा.

त्या पुलांनी शेवटी हिशेब मागितला. १९ मार्च २०१३ च्या पहाटे खेडजवळ जगबुडीच्या अरुंद पुलावरून गोव्याहून मुंबईला जाणारी बस खाली कोसळली आणि ३७ जण ठार झाले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीला महापूर होता. शेजारी नवा पूल होता, पण मुंबईकडे जाणारी वाहनं १९२८ च्या जुन्या पुलावरूनच सोडली जात होती. तो पूल वाहून गेला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या दोन एसटी गाड्या आणि एक खासगी गाडी अंधारात पुरात गेली. मृतदेह खाडीत दूरवर सापडत राहिले. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. म्हणजे ठरवलं तर कोकणातही काम होतं, हे त्या १६५ दिवसांनी सिद्ध केलं. मग उरलेल्या रस्त्याचं काय, हा प्रश्न तेव्हापासून आणखी टोचतो.

कारण चौपदरीकरण २०११ मध्येच सुरू झालं होतं. पहिला टप्पा पळस्पे ते इंदापूर, ८४ किलोमीटर. कर्नाळ्याच्या अभयारण्यातून रस्ता जातो, तिथे परवानग्या. पुढे जमिनी, ठेकेदार, पैसा. इंदापूर ते झारापचा साडेतीनशेहून अधिक किलोमीटरचा भाग नंतर हाती घेतला आणि वेगवेगळ्या ठेकेदारांत वाटला. सिंधुदुर्गातला तुकडा आधी झाला. आरवली ते वाकेड हा संगमेश्वरासकटचा सगळा भाग वर्षानुवर्षं खणलेला राहिला. माणगाव आणि इंदापूर इथले वळणरस्ते रखडले, आणि दर गणपतीला माणगावात गाड्यांची रांग लागत राहिली. उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, मंत्र्यांनी तारखा दिल्या, तारखा उलटल्या. कोकणातल्या सातबाऱ्यावर एका गुंठ्याला वीस-वीस नावं असतात, निम्मे वारस मुंबईत, काही कुठे आहेत कुणालाच माहीत नाही. त्यामुळे भूसंपादन अवघड असतं, हे खरं आहे. पण ही गोष्ट २०११ च्या आधीही सगळ्यांना ठाऊक होती. तिची तयारी न करता काम सुरू करणं हा गुन्हा आहे, आणि त्याची शिक्षा खड्ड्यांत मोडलेल्या पाठी आणि अपघातात गेलेले जीव यांनी भोगली.

या चौपदरीकरणातला सगळ्यात मोठा बदल मात्र पदरांच्या संख्येत नाही, रस्त्याच्या रेषेत आहे. जुना रस्ता डोंगराला वळसा घालत होता, नवा डोंगर कापतो किंवा त्याच्या पोटातून जातो. कशेडीला सुमारे दोन-दोन किलोमीटरचे जुळे बोगदे झाले. पहिला २०२३ च्या गणपतीआधी लहान गाड्यांना खुला केला, आणि जो घाट चढून उतरायला पाऊण तास लागायचा, तो काही मिनिटांत मागे पडू लागला. हे काम उत्तम आहे. पावसाळ्यात कशेडीत दरड पडून रात्र गाडीत काढलेली माणसं या बोगद्याला दुवाच देतील.

परशुराम घाटात उलट घडलं. तिथे बोगदा नाही, रुंदीकरणासाठी डोंगर उभा कापला. कोकणातल्या डोंगरावर जांभ्याचा कठीण थर असतो आणि त्याखाली मऊ, पाणी धरणारी माती. जांभ्यातून झिरपलेलं पाणी त्या मातीत साठतं. उतार सौम्य असेल तर ती टिकते, उभी कापली की पावसात घसरते. तसंच झालं. दरडी कोसळल्या, खालच्या पेढे गावावर संकट आलं, आणि २०२२ मध्ये रोज काही तास घाट बंद ठेवून काम करावं लागलं. जुन्या आखणीने डोंगर कमीत कमी कापला होता, त्याचं कारण इथे जुलैमध्ये रस्त्यावर येऊन पडलं.

गावांचंही तसंच. वडखळला वळणरस्ता झाला आणि अलिबागच्या फाट्यावरची जुनी कोंडी सुटली, ते योग्यच. राजापुरात अर्जुना नदीवर उंच पूल टाकून रस्ता पेठेच्या वरून निघून गेला. कणकवलीत तो उड्डाणपुलावर चढला. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर, जिथे कराडची आडवी वाट येऊन मिळते, तिथेही उड्डाणपूल उभा राहत होता. १६ ऑक्टोबर २०२३ ला त्याचा बांधकाम चालू असलेला भाग कोसळला. आणि झारापपासून पत्रादेवीपर्यंत नवा रस्ता असा आखला की सावंतवाडी बाजूलाच राहिली. पूर्वी गोव्याला जाणारा प्रत्येक माणूस आकेरीवरून सावंतवाडीत येऊन मोती तलावाच्या काठाने पुढे जायचा. लाकडी खेळणी घ्यायचा, चहा प्यायचा, मग बांद्याकडे निघायचा. आता इन्सुलीकडे सरळ जाणाऱ्याला शहर आहे हे फलकावरूनच कळतं. रेल्वे स्टेशनही शहराबाहेर मळगावला. एका संस्थानाची राजधानी दोन आखण्यांनी दोनदा मागे टाकली.

शहरातून ट्रक जाऊ नयेत हे मला पूर्ण मान्य आहे. शाळेच्या दारातून कंटेनर जाणं कुणालाच नको. पण वळणरस्ता आखताना जुन्या पेठेत उतरायला नीट जोडरस्ता, एसटीचा थांबा आणि स्थानिक माणसाला रस्ता ओलांडण्याची जागा यांचाही विचार व्हायला हवा. खाडीच्या टोकाला वसलेल्या या गावांत पूर नवा नाही. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाणी पेठेत शिरतंच. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं आणि वाशिष्ठीच्या पुलाला जोडणारा भराव वाहून गेला. नदीकाठी मातीचे उंच भराव टाकण्यापेक्षा खांबांवर रस्ता न्यावा, पाण्याला मोकळी वाट ठेवावी, ही मागणी खारेपाटण-राजापूरपासून महाडपर्यंतचे लोक करतात. ती त्यांच्या कैक पिढ्यांच्या अनुभवातून आलेली आहे.

दरम्यान आडव्या वाटा पुन्हा जाग्या झाल्या आहेत. रत्नागिरीच्या मिऱ्यापासून हातखंबा, आंबा घाट, कोल्हापूर करत नागपूरला जाणारा महामार्ग रुंद होतो आहे. गुहागर-चिपळूण-कराड रस्त्यालाही राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा मिळाला आहे. आणि किनाऱ्याने, रेवसपासून रेड्डीपर्यंत, बॅ. अ. र. अंतुले यांनी मनावर घेतलेला सागरी महामार्ग दशकानुदशकं तुकड्यातुकड्यांनी चालू आहे. जुन्या आखणीने ज्या टाळल्या, त्याच खाड्यांची मुखं ओलांडायचं काम त्याच्या वाट्याला आलं आहे. बाणकोटच्या खाडीवर अंतुल्यांच्या आग्रहाने सुरू झालेला पूल वर्षानुवर्षं अर्धवट राहिला. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या ठिकाणी गाड्या फेरीबोटीत चढवून पलीकडे न्यायची सवय आता लोकांच्या अंगवळणी पडली आहे. हे पूल झाले की हर्णै, दाभोळ, जयगड या बंदरांतून पुन्हा उभी वाहतूक सुरू होईल, या वेळी पाण्यावरून नव्हे, रस्त्यावरून. त्या पुलांची आखणी ठरेल तेव्हा तिचे नकाशे आधी त्या त्या गावच्या ग्रामसभेत लागायला हवेत, आणि कोळीवाडे, धक्के, मासळी सुकवायच्या जागा त्यावर नावानिशी दाखवलेल्या असायला हव्यात.